पळसाला पानं तीन, पण चित्रात किती?

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात मी दादाला एका चित्रप्रदर्शनाला घेऊन गेले होते. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. काटोलजवळ त्याची संत्र्याची बाग आहे. कामासाठी नागपूरला आला होता आणि ऊन उतरेपर्यंत कुठेतरी गारव्याला बसायचं, एवढ्याचसाठी तो माझ्याबरोबर आला. एका मोठ्या चित्रासमोर घोळका उभा होता. पळसाची फांदी, तिच्यावर पेटलेली फुलं आणि त्यांच्यामागे हिरवीगार, टवटवीत पानं. "अगदी फोटोच वाटतो, नाही?" कोणीतरी म्हणालं. दादाने चष्मा कपाळावर चढवला, चित्र खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "पयसाले फुलं आले तवा पानं कुठी असते?"

खरंच की. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल रोडने किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूने गेलात तर पळस बहुतेक उघडाबोडका दिसतो. काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यांच्यावर केशरी जाळ. नवी पानं फुलं सरत आल्यावर येतात. 'कुठेही जा, पळसाला पानं तीन' असं आपण उठताबसता म्हणतो, पण ती पानं ऐन फुलांच्या वेळी झाडावर नसतात, हे इतकी वर्षं नागपुरात राहून मला एकदाही खटकलं नव्हतं. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती तीन पानंही नव्हेत. एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. म्हण बदलायला कोणी तयार होईल असं वाटत नाही.)

त्या दिवसापासून फुलांची चित्रं बघायची माझी पद्धत बदलली. वनस्पतींची जलरंगातली चित्रं आता नेटवर ढिगाने दिसतात, भिंतीवर लावायला प्रिंट मिळतात, कॅलेंडरांवर असतात. आपण 'छान' म्हणून पुढे जातो. त्यांत बघायचं काय असतं, ते मला जेवढं उमगलं तेवढं सांगते.

आधी एक गोंधळ दूर करू. फुलांचं चित्र म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. पहिली, फुलदाणीतल्या फुलांचं चित्र. तिथे चित्रकाराला मोकळीक आहे, पाकळी कमी-जास्त झाली तरी कोणी विचारत नाही. दुसरी, शास्त्रीय वनस्पतीचित्र. ते पाहून झाड ओळखता आलं पाहिजे. त्यात एखादं ठरावीक फूल नसतं, त्या जातीचं फूल असतं. चित्रकार दहा फुलं बघतो, किड्याने खाल्लेली पाकळी सोडून देतो, पाचच्या जागी चुकून सहा पाकळ्या असलेलं फूल बाजूला ठेवतो आणि सगळ्यांत समान काय आहे ते काढतो. फोटोला हे जमत नाही. कॅमेऱ्यासमोर जे फूल आहे तेच येतं, आणि जवळून काढलं तर पुढची पाकळी स्पष्ट आणि मागचा देठ धूसर.

तिसरा प्रकार माझा आवडता, अभ्यासचित्र. कलाशाळेतली मुलं त्याला सरळ 'स्टडी' म्हणतात. पक्क्या चित्राच्या आधीचा हा कागद. त्यावर एक फूल समोरून, तेच बाजूने, एक अर्धं कापलेलं, एक कळी, कोपऱ्यात रंगांचे चौकोनी ठिपके, पेन्सिलीने खरडलेली तारीख आणि 'दुपारपर्यंत कोमेजलं' अशी नोंद. पक्कं वनस्पतीचित्र पाठ्यपुस्तकासारखं असेल, तर अभ्यासचित्र डॉक्टरांच्या केसपेपरसारखं असतं. रोगी एकच, तारीख ठरलेली, अक्षर गचाळ, पण जे दिसलं तेच लिहिलेलं. इथे किड्याने खाल्लेली पाकळीसुद्धा येते.

आता दादाच्या आक्षेपाकडे. पळसाचं फूल आणि पान एका कागदावर दाखवायचंच नाही का? दाखवायचं. जुन्या वनस्पतीचित्रांत फुलांची फांदी, पान, शेंग, बी हे वेगवेगळ्या महिन्यांतले भाग सर्रास एका पानावर येतात. त्यासाठी चित्रकार कागद जपून ठेवतो आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच झाडाकडे जातो. फक्त पान फुलांच्या फांदीला चिकटवायचं नाही, सुटं काढायचं. त्या प्रदर्शनातल्या चित्रात पानं फुलांच्याच फांदीवर उगवलेली होती. चूक होती ती एवढीच.

जलरंग समजून घेतल्याशिवाय या चित्रांतली खरी करामत दिसत नाही. शाळेत आपण पोस्टर कलर वापरले. तो रंग अपारदर्शक, खालचं झाकतो. चुकलं की वरून पांढरा थापायचा. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. रंगाचा थर इतका पातळ असतो की उजेड त्याच्यातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि त्याच रंगातून गाळून परत येतो. म्हणून चांगल्या जलरंगातली पाकळी आतून उजळल्यासारखी दिसते. पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. जिथे चमक हवी तिथे रंग लावायचाच नाही, आणि हे पहिला कुंचला टेकवायच्या आधी ठरवायचं.

म्हणूनच पांढरं फूल ही सगळ्यांत अवघड परीक्षा. आपल्याकडे ती परीक्षा आंबिया बहारात असते. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याला फुलं येतात, पाच जाड, मेणासारख्या पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. पांढऱ्या कागदावर पांढरी पाकळी दिसायची कशी? नवशिका तिच्याभोवती काळी-करडी रेघ ओढतो आणि फूल पत्र्याचं होऊन बसतं. जाणकार पाकळीला हातच लावत नाही. तो तिच्यामागचं पान गडद करतो आणि पानाच्या कडेनेच पाकळीची कड तयार होते. मग पाकळीच्या खोलगट भागात पुसट सावली, पान जवळ असेल तिथे हिरवट झाक, पुंकेसरांच्या बाजूला पिवळट. अशा चित्राशी तोंड नेऊन बघा. पाकळीचा निम्म्याहून जास्त भाग नुसता कागद असतो, आणि तरी ती पाकळी बोटाला जाड लागेल असं वाटतं.

पळसाचं उलटं. तिथे रंगाचीच गर्दी. शक्य झालं तर झाडाखाली पडलेलं एक ताजं फूल हातात घ्या. मी हे लिहितानाही एक समोर ठेवलंय. बुडाशी मखमली, काळपट तपकिरी वाटी. तिच्यातून निघालेल्या पाच पाकळ्या: एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूच्या पंखांसारख्या, आणि दोन एकमेकींना जुळून झालेली नावेसारखी वाकडी चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, 'हा पोपट तर नव्हे?', ते या चोचीमुळे. चोच अलगद उघडली की आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा. आता फूल उजेडाकडे तिरकं धरा. पाकळीवर बाहेरून बारीक रेशमी लव आहे आणि त्यामुळे केशरी रंगावर चंदेरी धुकं पसरल्यासारखं दिसतं.

चित्रकाराची गोची इथेच होते. चमकदार पृष्ठभागावर उजेडाचा ठिपका लहान आणि धारदार असतो, जसा संत्र्याच्या पानावर. मखमलीवर तो ठिपका नसतोच, उजेड पसरट आणि मऊ असतो. पळसाच्या चित्रात पाकळीवर कोऱ्या कागदाची टोकदार चमक सोडलेली दिसली, तर फूल प्लॅस्टिकचं झालं म्हणून समजा. नीट काढलेल्या पळसात आधी फिकट पिवळ्याचा थर पूर्ण वाळू देतात, त्यावर नारिंगी, त्यावर सावलीच्या जागी तांबडा. तिन्ही रंग वाटीत एकत्र कालवले तर एकच सपाट नारिंगी होतो. एकावर एक चढवले तर पिवळा खालून डोकावत राहतो.

इथे नागपूरची हवा मध्ये येते. जलरंगाचा अर्धा खेळ वाळण्याच्या वेळेवर असतो. ओल्या कागदावर ओला रंग सोडला की तो पसरतो आणि मऊ कड मिळते. वाळलेल्यावर लावला की धारदार. मधल्या अर्धवट ओल्या वेळी पाणीदार कुंचला टेकवलात तर रंग बाजूला ढकलला जाऊन दातेरी कडेचा डाग पडतो, कोबीच्या पानासारखा. युरोपातल्या हवेवर बेतलेल्या पुस्तकांत 'एकदोन मिनिटं थांबा' असं लिहिलेलं असतं. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे मी पाकळीच्या एका टोकाला रंग लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक खडखडीत वाळलेलं असतं. कूलर लावला, ताटी भिजवली की हवेत ओल येते आणि रंगाला जरा दम खायला वेळ मिळतो. बिघडलेला कूलर हा आमच्याकडे चित्रकलेचाही प्रश्न आहे. पण हे माहीत असलं की चित्रातल्या मऊ कडा वेगळ्याच दिसायला लागतात. त्या मोजक्या क्षणांत केलेल्या असतात.

बारीक काम मात्र सगळं कोरड्या कुंचल्याचं. कुंचल्यात जेमतेम रंग, टोक सुईसारखं, आणि एकाशेजारी एक केसासारख्या रेघा. पानावरच्या शिरा, देठावरची लव, पळसाच्या वाटीचं मखमल असंच उभं राहतं. यासाठी कागद गुळगुळीत लागतो, गरम रुळांखाली दाबलेला हॉट प्रेस. खरखरीत कागदावर निसर्गदृश्यं छान येतात, पण पुंकेसर खड्ड्यात पडतो.

आणि पानं! लोक फुलाकडेच बघतात, पण चित्रकाराचा हात पानावरून ओळखावा. तयार ट्यूबमधला हिरवा सरसकट लावला की पान रबरी होतं. खऱ्या पानाच्या वरच्या बाजूला आकाश पडलेलं असतं. म्हणून चमकदार पानाच्या उंच भागावर थंड निळसर झाक येते, आणि जिथून ऊन आरपार जातं तिथे पिवळट पोपटी. मधली शीर बहुधा वरून काढलेली नसते. दोन्ही बाजूंचा हिरवा रंगवताना ती फिकट सोडलेली असते. आणि एक पान तरी थेट आपल्याकडे टोक करून वळलेलं आहे का, ते बघा. असं पान काढणं कठीण. ते टाळण्यासाठी सगळी पानं इस्त्री केल्यासारखी सपाट मांडलेली दिसली, तर चित्रकार कचरला असं खुशाल समजा. सावल्या बहुतेक चित्रांत उजव्या-खालच्या बाजूला असतात, कारण उजेड डावीकडून वरून येतो असं धरायची प्रथा आहे.

फुलाचे कापलेले तुकडे कागदाच्या तळाशी का मांडलेले असतात? कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ मध्ये वनस्पतींचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात सपुष्प वनस्पतींचे वर्ग प्रामुख्याने पुंकेसरांची संख्या आणि मांडणी बघून पाडले होते. म्हणजे पुंकेसर मोजता येत नसतील तर चित्र कुचकामी. गेओर्ग एहरेट या चित्रकाराने पुढच्याच वर्षी ती पद्धत चित्रांतून दाखवली. ते वर्गीकरण कधीच मागे पडलं, पण फूल उघडून दाखवायची सवय राहिली. म्हणून चित्रासमोर उभं राहून मोजायला लाजू नका. पळस असेल तर नऊ आणि एक.

फूल कोमेजतं, रंग उडतो, मग रंग लक्षात कसा ठेवायचा? फर्डिनांड बाउअर या चित्रकाराने यावर नामी युक्ती केली होती. १८०१ ते १८०३ या काळात तो ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणायला निघालेल्या जहाजावर होता. बोटीवर शेकडो रोपं समोर येत होती, रंगवत बसायला वेळ नव्हता. त्याने पेन्सिलीने रेखाटन करायचं आणि प्रत्येक भागावर नुसते आकडे टाकायचे. एकेका छटेला एकेक आकडा, असे हजाराच्या आसपास. युरोपात परतल्यावर पुढे कित्येक वर्षं त्याने त्या आकड्यांवरून चित्रं रंगवली. दुकानातली बाई साडी न उलगडता 'हा राणी नाही, हा मजेंटा' म्हणते ना, तसलीच नजर, फक्त हजार खणांची.

आपल्याकडची गोष्टही लहान नाही. १६२० मध्ये जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने तिथली शंभराहून जास्त फुलं चितारली, असं बादशहानेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे कंपनी सरकारच्या काळात इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आले. झाडांची नोंद त्यांना हवी होती, हात मात्र इथल्या चित्रकारांचे होते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून सुमारे अडीच हजार चित्रं करून घेतली. त्यांतली निवडक चित्रं १७९५ पासून कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात छापली गेली. त्यात आपला पळसही आहे.

या चित्रकारांची घडण लघुचित्रांची. त्यामुळे त्यांची फांदी युरोपीय चित्रासारखी हवेत तरंगत नाही, ती कागदभर पसरते. पान कागदाबाहेर जात असेल तर दुमडून आत घेतात. रंगही पुष्कळदा अपारदर्शक, दाट. काही समीक्षक याला 'सपाट' म्हणत आले. मला ते पटत नाही. त्या मांडणीत प्रत्येक पान स्वतंत्र दिसतं, झाड ओळखायला याहून सोयीचं काय?

राग येतो तो नावांचा. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या झाडांची देखणी जलरंगचित्रं करून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं. नाव नाही. मद्रासकडच्या रॉबर्ट वाइट यांनी मात्र रंगिया आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं नोंदवली, एवढंच नव्हे तर ऑर्किडच्या एका वंशाला, म्हणजे जातीच्या वरच्या गटाला, गोविंदूचं नाव दिलं. त्यांनी हे केलं नसतं तर ते दोघेही 'स्थानिक कलाकार' म्हणून खपून गेले असते.

नेटवर ही चित्रं बघताना एवढं ध्यानात ठेवा की पुष्कळदा समोर असतं ते मूळ जलरंगचित्र नसून छापील प्रत असते. रदूते या फुलांच्या नामांकित चित्रकाराचे गुलाब घ्या. त्याने जलरंगात रंगवले, पण आपल्यापर्यंत आले ते तांब्याच्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरून छापलेले. मोठं करून बघितलं की ठिपके दिसतात. रॉक्सबर्गच्या ग्रंथातली पानंही कोरून छापलेली आणि मग हाताने रंगवलेली आहेत. ती बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, आणि पार पाकळीच्या कडेपर्यंत मोठी करता येतात.

चित्र विकत घेणार असाल तर एकच सांगते. उन्हाच्या भिंतीवर लावू नका. मी काढलेलं कण्हेरीचं पहिलं बरं चित्र हौसेने हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं. दोन उन्हाळ्यांत कण्हेर पांढरी झाली, पानं जशीच्या तशी. तो झगझगीत गुलाबी रंग उन्हात टिकत नाही, हे ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

यंदाच्या माघात मी दादाच्या बागेत तीन दिवस राहिले, संत्र्याच्या फुलांची स्टडी करायला. धुऱ्याजवळच्या एका जुन्या झाडाची फांदी हाताशी होती, तिथेच स्टूल टाकलं. फूल समोरून, बाजूने, कापून, पान दोन्ही बाजूंनी. कळी रंगवताना लक्षात आलं की तिच्या बाहेरच्या अंगाला जांभळट झाक आहे. फिकट किरमिजीत निळ्याचा एक थेंब घालून ती झाक मी अगदी नेमकी पकडली आणि स्वतःवर खूश झाले. आजवर पाहिलेल्या संत्र्याच्या एकाही चित्रात ती मला दिसली नव्हती.

संध्याकाळी दादाने कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर. बराच वेळ काही बोलला नाही. मग कळीवर बोट न टेकवता, नुसतं वरून दाखवून म्हणाला, "हे संत्र्याचं नाई बाई. संत्र्याची कयी पांढरीफटक रायते. हे जंबेरीचं हाय."

आम्ही बॅटरी घेऊन झाडाशी गेलो. संत्र्याची कलमं बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बसवून केलेली असतात, म्हणजे खाली मुळं आणि बुंधा जंबेरी या लिंबाचा, वर झाड संत्र्याचं. या झाडाची निगा राहिली नव्हती. कलमाच्या जोडाखालून खुंटाचीच फूट वर आली होती, चांगली मनगटाएवढी जाड, आणि मी तीन दिवस तिच्यासमोर बसले होते.

कागदाच्या कोपऱ्यात मी 'संत्रं, काटोल, माघ' असं लिहिलं होतं. 'संत्रं'वर रेघ मारली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं: 'जंबेरी. जोडाच्या खालची फूट. दादाने कळीवरून ओळखली.'